कॅमेऱ्यात बघणारा विणकर

"नरसय्या, कॅमेऱ्यात बघायचं नाही," मी चौथ्यांदा सांगितलं.

"बघत न्हाय की," कॅमेऱ्यात बघत नरसय्या म्हणाला.

मी हँडल सोडलं. तेव्हाचा कॅमेरा हातानं फिरवावा लागे. हात थांबला की फिल्म थांबली.

ही बोलपट यायच्या आधीची गोष्ट. मुंबईच्या एका फिल्म कंपनीत मी कॅमेरामन होतो. मुख्य मूकपटाच्या आधी खऱ्या माणसांची छोटी फिल्म दाखवायची, अशी टूम आमच्या साहेबांनी काढली होती. पहिला विषय ठरला सोलापूरचा हातमाग. मी लगेच छाती पुढे काढली. "माझं गावच ते, साहेब. शुक्रवार पेठेत वाढलोय. विणकरांची तेलुगू मला घरच्यासारखी." घरच्यासारखी होती, म्हणजे लहानपणापासून कानावर पडायची आणि मी तिच्याकडे लक्ष द्यायचो नाही.

या कामात माझं एकच तत्त्व होतं. माणसाला कॅमेऱ्याचा विसर पडला पाहिजे, तरच खरं आयुष्य दिसतं. हे मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. विसर पडावा म्हणून मी काय काय केलं? आत उजेड नव्हता, म्हणून नरसय्याच्या घराचे चार पत्रे उतरवले. ऊन मागावर पडावं म्हणून शेजाऱ्यांच्या हातात आरसे दिले. त्याच्या बायकोला चरख्यापाशी लग्नातलं लुगडं नेसवून बसवलं. नरसय्याला मुंडासं बांधायला लावलं. तो म्हणाला, "विणताना मी मुंडासं बांधत न्हाय, सायेब." मी म्हणालो, "बांधा. खरं वाटतं."

दुपारी त्याच्या बायकोनं मला चहा दिला आणि हळूच विचारलं, "हे मुंबईत दावणार न्हवं?"

"हो. मुंबईतच आधी."

"मग आमच्या राजव्वाला तेवढं सांगा की. लेक हाय माजी."

मग तिनं सगळं सांगितलं. जावयानं सासऱ्याबरोबर मागावर बसायचं ठरलं होतं. त्यानं ते सोडून मुंबईत गिरणी धरली आणि राजव्वाला घेऊन गेला. नरसय्यानं दोघांना सांगितलं, माझ्या दारात पाय ठेवू नका. तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. "पत्ता हाय माज्याकडं. पन ह्यांना कळू देऊ नका," ती म्हणाली. नरसय्या हातभर अंतरावर विणत होता. मागाची खटखट थांबल्याचं मला तेव्हा जाणवलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

संध्याकाळी ऊन उतरताना मी शेवटचा शॉट लावला. कॅमेरा अगदी चेहऱ्याजवळ. नरसय्यानं आडवा धागा फेकायचा धोटा खाली ठेवला, मुंडासं काढलं, सरळ भिंगात बघितलं आणि काहीतरी बोलला. हँडलच्या घरघरीत मला नीट ऐकू आलं नाही. आलं असतं तरी ते तेलुगूत होतं. मी वैतागून फिरवत राहिलो. नंतर कापून टाकू म्हटलं.

मुंबईला साहेबांनी फिल्म बघितली. "हे काय? सगळे लग्नाच्या फोटोला बसल्यासारखे दिसतायत." मी आरशांचा विषय काढला. ते ऐकत नव्हते. शेवटचा शॉट आला आणि ते खुर्चीत पुढे सरकले.

"हा माणूस जिवंत आहे. काय म्हणतोय तो?"

"मागाबद्दल बोलतोय."

"तुम्हाला तेलुगू येते ना?"

"येते की."

"मग टायटल लिहा."

टायटल म्हणजे मूकपटात मधे दाखवतात ती अक्षरांची पाटी. मी रात्रभर जागून लिहिलं, 'माग हेच माझं देऊळ, आणि धागा हीच माझी पूजा.' साहेबांनी माझी पाठ थोपटली.

पहिल्या आठवड्यात मी राजव्वाच्या चाळीत गेलो आणि तिला, नवऱ्याला आणि मांडीवरच्या पोराला थिएटरात घेऊन आलो. वडील पडद्यावर दिसताच तिनं तोंडाला पदर लावला. शेवटचा शॉट आला. नरसय्या बोलला. अंधारात ती मोठ्यानं तेलुगूत काहीतरी म्हणाली. पाठोपाठ माझी पाटी आली. नवऱ्यानं ती वाचून दाखवली.

"हे कोन म्हनालं?" तिनं मला विचारलं.

"तुमचे वडील."

"न्हाय. ओठांवरनं कळतंय की. ते म्हनले, बिड्डा, इंटिकि रा. पोरी, घरी ये." तिनं नवऱ्याकडे बोट केलं. "अन् त्यालाबी आन म्हनले."

नवऱ्याचा विश्वास बसेना. "मला? तो म्हातारा?" तेवढ्यासाठी आम्ही पुढच्या खेळालाही बसून राहिलो. या वेळी तो फक्त ओठांकडे बघत होता. पाटी आली तेव्हा तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. बाहेर आल्यावर त्यानं पोराला बायकोकडून आपल्या खांद्यावर घेतलं आणि मला विचारलं, "सोलापूरची गाडी किती वाजता असती, सायेब?"

पाटी बदलू या, असं मी साहेबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "पब्लिक टाळ्या वाजवतंय. राहू दे."

म्हणून ती तशीच सोलापूरला आली. थिएटर विणकरांनी भरलेलं. नरसय्या काय बोलतोय ते पुढच्या दोन रांगांना लगेच कळलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं. त्यावर माझं देऊळ आणि माझी पूजा आली. सगळं थिएटर हसलं. मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येईल तेवढं सरकलो. शेजारी नरसय्या होता, त्याच्या पलीकडे जावई. जावयानं सासऱ्याच्या कानात पाटी वाचून दाखवली. नरसय्या माझ्याकडे वळला.

"हे मी म्हनलो?"

"साधारण," मी म्हणालो.

"लई चांगलं म्हनलो की."

त्यानंतर टायटल लिहिण्याआधी मी माणसाला विचारून घेऊ लागलो, तुम्ही काय म्हणालात? उत्तर बहुतेक वेळा माझ्या वाक्यापेक्षा लहान निघायचं.