माणिकचं कुत्रं आणि रात्रीची दुर्बीण

कुवेतच्या गोष्टी मी मिटक्या मारत सांगतो. ही मात्र आजवर गिळून बसलो — बायकोला नाही सांगितली, तिथल्या सालमिया भागातल्या खोलीवरच्या मित्रांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

इराकशी झालेल्या लढाईनंतरच्या वर्षांत मी जहऱ्याला, वाळवंटाच्या कडेच्या गावात, शिकारीच्या सामानाच्या दुकानात होतो. तंबू, सुऱ्या, बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी. अंधारात दिसणाऱ्या दुर्बिणी तेव्हा नव्यानेच येऊ लागल्या होत्या. कोणत्या मागवायच्या, ते मालकाने माझ्यावर सोपवलं — मला इंग्रजी वाचता येतं ना! मी खोक्यावरचा अंतराचा मोठा आकडा बघितला आणि ढीगभर मागवल्या. माल आल्यावर आतलं माहितीपत्रक वाचलं. तो आकडा नुसतं ‘काहीतरी आहे’ एवढं दिसण्याचा होता. ते काय आहे, हे ओळखायला पुष्कळ जवळ जावं लागे. गच्चीवरून मी स्वतः पाहिलं — हिरवं धुकं आणि दोन चमकते डोळे. मांजर की बकरी, देव जाणे. मग मालकाला सांगितलं का? कसलं सांगतोय! हुशारीचा टेंभा मिरवून झाला होता.

अबू फहद आमचं जुनं गिऱ्हाईक. वाळवंटात त्यांचा मेंढ्यांचा वाडा होता, आणि कोल्हे कोकरं उचलत होते. दुर्बीण हातात घेऊन त्यांनी एकच विचारलं — कोल्हा आणि कुत्रं वेगळं कळेल ना? कळेल, मी म्हणालो. वर कोकणातल्या रानडुकराच्या शिकारीच्या बाता मारल्या. मी! शिकारीतला वाटा घरी आणण्यापलीकडे ज्याने कधी काही केलं नाही.

थोड्याच दिवसांत त्यांचं बोलावणं आलं. वाड्यावर गेलो, तर राखणीचं कुत्रं पोत्यावर मरून पडलेलं. रात्री डोळे चमकले आणि अबू फहदांनी बार काढला होता. ते कुत्रं पाळलं होतं त्यांच्या नव्या मेंढपाळाने — माणिक, आपल्या जतकडचा. त्या ओसाडीत त्याला बोलायला तेवढंच होतं. त्याला अरबी येत नव्हती, अबू फहदांना हिंदी. मध्ये मी.

“दादा, म्या बांधलंच हुतं की ओ,” माणिक म्हणाला. “मेल्यावर सोडवलं. त्यास्नी इचारा, कुत्रं हाय ते दिसलं न्हाई का?”

अबू फहद माझ्याकडे बघत होते. खरं सांगितलं असतं, तर काय झालं असतं? दुर्बिणी परत आल्या असत्या, मालकाने शिव्या घातल्या असत्या. एवढंच ना? — मी अरबीत म्हणालो, तो म्हणतोय, काल बांधायचं विसरलो.

अबू फहदांनी मला जेवायला थांबवलं. बाहेर माणिक खड्डा खणत होता आणि मी आत बसून मटणाची हाडं चोखत होतो. पुन्हा मागून घेतलं — हो, मागून! आजही ते आठवलं की तोंडात चरबीची चव येते आणि स्वतःवर थुंकावंसं वाटतं. किळस म्हणतात ती हीच असावी.

माणिकची नोकरी गेली. गावी जायच्या आधी तो दुकानात आला. मला वाटलं, कळलं याला. मी काउंटरमागे सरकलो. तो वाकला — माझ्या पाया पडायला. त्याचा समज असा, की मी रदबदली केली म्हणून पोलिसांत न देता त्याला नुसतं घरी धाडताहेत.

“आपला मानूस हुता, म्हून वाचलो,” म्हणाला.

मी त्याला उठवलं. पाठीवर हात ठेवला. आणि म्हणालो, “अरे, परक्या मुलखात आपण एकमेकांसाठी एवढंही करायचं नाही, तर काय?”

तो रडायला लागला. मी त्याच्यासाठी चहा मागवला, आणि आम्ही दोघांनी तो प्यायला.