मलमाखाली लपलेलं गजकर्ण

टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात तो तरुण पहिल्यांदा आला, तेव्हा मला बघून दारातच थबकला. त्याला जपानी डॉक्टर हवे होते. फोनवर भाषांतराचं ॲप उघडून, वाक्यं जुळवून तो आला होता. पण आमचे मोठे डॉक्टर त्या दुपारी सायकल घेऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी गेले होते आणि खुर्चीवर मी होते. माझ्या कोटावरचं मराठी आडनाव वाचून तो इंग्रजीत म्हणाला, की पुन्हा कधीतरी येईन.

मी मराठीतच म्हटलं, "बसा. इथलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही. कुणाच्या हळदीकुंकवाला तर नाहीच नाही."

तो थोडासा हसला आणि बसला. मूळचा सोलापूरचा, टोकियोत एका कंपनीच्या कंत्राटावर सॉफ्टवेअरचं काम करणारा. बायको आणि लहान मुलगी इथेच. मांड्यांना आणि कमरेला वर्षभर खाज येत होती. गच्च भरलेल्या ट्रेनमध्ये सूट घालून उभं राहायचं आणि खाजवता मात्र येत नाही, हे सांगताना तो खालीच बघत होता.

नर्सला सोबत घेऊन पडद्याआड मी तपासलं. गजकर्ण म्हटलं की गोल चकंदळ, उठावदार लालसर कड, मधे साफ कातडी, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. याच्या चट्ट्यांना कडच राहिली नव्हती. ते पसरट, तपकिरी आणि पुसट होते. शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर लाली लाल दिसतच नाही. क्षणभर मलाही इसबच वाटलं. पण मांडीवर, चट्ट्यांच्या शेजारी, बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तशा फिकट रेषा होत्या. तरुण माणसाच्या मांडीवर त्या अशा एकाच जागी उगाच येत नाहीत.

कुठलं मलम लावता, असं मी विचारलं. काहीच नाही, म्हणाला. मी सावकाश हातमोजे काढले. मग त्याने बॅगेतून अर्धी पिळलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली. त्याची आई गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर ती पाठवायची. तिथल्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळायची. बुरशीचं औषध आणि जोरदार स्टिरॉइड, दोन्ही त्यात एकत्र होतं. मांडीवरच्या रेषा त्या स्टिरॉइडच्याच. लावलं की संध्याकाळपर्यंत खाज थांबे आणि खाली बुरशी निवांत पसरत राही.

चट्ट्यावरचा कोंडा खरवडून मी काचपट्टीवर घेतला, त्यावर द्रावणाचा थेंब टाकला, जरा वेळ थांबले आणि सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे वळवला. फांद्या फुटलेले धागे त्याला स्पष्ट दिसले. तो बराच वेळ डोळा लावून बसला.

ट्यूब आजच बंद करायची, असं मी सांगितलं. रक्त तपासून गोळ्या सुरू करू, चट्ट्याच्या बाहेरपर्यंत साधं बुरशीचं मलम लावायचं, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, कपडे कोरडे आणि सैल. बायकोला आणि मुलीलाही दाखवून जा, म्हटलं. "आणि एक लक्षात ठेवा. ट्यूबने दाबून ठेवलेलं हे आधी वाढेल. औषध चुकलं असं वाटेल. तेव्हा ट्यूबकडे जाऊ नका, माझ्याकडे या."

तो आला, तो चिडूनच. चट्टे पेटल्यासारखे झाले होते आणि झोप उडाली होती. बायकोच्या मनगटावरही एक चट्टा निघाला होता, मुलगी मात्र सुटली होती. आईने फोनवर त्याला वेड्यात काढलं होतं. डॉक्टरांशी मला बोलायचंय म्हणाली होती, म्हणून त्याने दवाखान्यातूनच तिला व्हिडिओ कॉल लावला.

"लावलं की लगेच थंड वाटतं, ते औषध वाईट कसं हो?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, खरोखरची शंका होती.

"काकू, थंड वाटतं कारण कातडी गप्प बसते. बुरशी गप्प बसत नाही," मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. मुलाची काळजी घ्या म्हणाली आणि फोन ठेवला. पण त्याने ट्यूबला हात लावला नाही. इथे कचरा वेगवेगळा टाकावा लागतो, तर ती ट्यूब प्लास्टिकमध्ये जाते की जाळायच्या कचऱ्यात, एवढं मात्र नर्सला विचारून गेला. हिवाळा सरता सरता कातडी साफ झाली. साफ दिसायला लागल्यावर बहुतेक रुग्ण औषध सोडतात. याने मी थांब म्हणेपर्यंत सोडलं नाही. मांडीवरच्या रेषा राहिल्या, त्या जाणार नाहीत हेही त्याने ऐकून घेतलं.

चेरीचा बहर संपल्यावर त्याची आई नातीला भेटायला आली आणि एका दुपारी तो तिला घेऊन दवाखान्यात हजर झाला. हवा उबदार होती, तरी तिने लांब बाह्यांचं ब्लाउज घातलं होतं आणि वरून शाल. मला काही झालेलं नाही, हा उगाच घेऊन आलाय, असं ती म्हणत राहिली. शेवटी बाही वर सरकवली, तर कोपरापर्यंत तेच पुसट चट्टे होते. कितीतरी वर्षं तिने कुणाला दाखवले नव्हते. तिला जे लागू पडतंय असं वाटलं, तेच ती मुलाला पाठवत होती.

मी काचपट्टी लावली आणि बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलू लागला. "आई, इथे डोळा लाव. हे दोऱ्यासारखं दिसतंय ना, ती बुरशी." कातडी गप्प का बसते, आधी का वाढतं, बरं दिसल्यावरही का थांबायचं नाही, सगळं त्याने सोलापुरी बोलीत तिला समजावलं. मी फक्त दिव्याचा उजेड कमीजास्त करत होते. एकही गोष्ट त्याने चुकीची सांगितली नाही आणि माझ्याकडून राहून गेलेली एक सांगितली: घाबरायला होतं, तेव्हा कुणाला तरी फोन कर.

तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. "म्हणजे मीच तुला हे पाठवत होते?"

"तुला कुणी सांगितलंच नव्हतं, आई," तो म्हणाला.

तिने शाल काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि दुसरा हातही माझ्यापुढे केला.

मोठे डॉक्टर दारात उभे होते. मायलेक गेल्यावर त्यांनी विचारलं, तो तरुण इतकं काय बोलत होता. मी जपानीत सगळं उलगडून सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. त्या दिवशी मी घरापर्यंत चालत गेले. ट्रेनमध्ये एकटीच हसत बसले असते, तर लोकांनी वळून पाहिलं असतं.