तिसऱ्या हौदाचं पाणी

आमच्या ह्यांची तेरवी परवा झाली. आज सकाळी नर्मदेजवळच्या आमच्या गोरखपुर मोहल्ल्यातल्या लाँड्रीचं शटर मी उघडलं आणि सगळ्यात आधी ह्यांच्याच अंथरुणाच्या चादरी धुतल्या. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन झालं नाही. पिळून दोरीवर घातल्या आणि तिसऱ्या हौदाच्या बुचाला हात लावून तशीच उभी राहिले. पाणी कसं, तर तळाची फरशी दिसावी असं साफ. हे ओतायचं की ठेवायचं? काउंटरशी कांचघरच्या क्षमाताई चादरींचं गाठोडं घेऊन उभ्या, नजर माझ्या हातावर. टँकर उद्याशिवाय येत नाही. ठेवलं तर गिऱ्हाईक तुटेल, ओतलं तर ह्यांचा जीव तुटेल. गेलेल्या माणसाचा जीव कुठं तुटतो, म्हणाल. तुम्ही आमच्या ह्यांना, शालिग्रामजींना, पाहिलं नाही, म्हणून म्हणाल.

भंडाऱ्याहून लग्न होऊन मी इथं आले तेव्हा दुकानामागं विहीर होती. काय पाणी होतं बाप्पा! मोटर लावली की धो धो. हे एकेक कपडा पाच-पाच पाण्यांतून काढायचे. मी म्हणायची, "अहो, कपडा झिजून जाईल!" तर म्हणायचे, "साबणाचा वास राहिला, तर धुतला काहून म्हणायचं?" फॅक्टरीतले बाबू, रेल्वेचे गार्ड, सगळे ह्यांचेच गिऱ्हाईक. पाणी अंगणातून वाहत रस्त्याला लागायचं, रिक्षावाले तिथंच चाकं धुवायचे आणि हे दारात उभे राहून त्यांच्याशी गप्पा हाणायचे. ह्यांच्या सदऱ्याला निळीचा आणि गरम इस्त्रीचा वास यायचा. तो वास मला आजही पाहिजे. कुठं विकत मिळत असेल तर सांगा.

मग विहीर आटली. बोर मारली, एका मे महिन्यात तीही कोरडी पडली. नर्मदामाई इतकी जवळ, आणि आम्ही टँकरची वाट पाहून राहिलो! एक दिवसाआड टँकर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आमचा योगेंद्र तर सरळ म्हणाला, "बाबा, बंद करो ये सब. माझ्याकडं महाराजपुरला राहायला या." हे दुपारी जेवले नाहीत, मागच्या नालीपाशी उकिडवे बसून राहिले. मला वाटलं, गेलं ह्यांचं डोकं. तेवढ्यात हाक आली, "अवो राधे, इकडं ये! ही नाली तर आपल्या हौदापेक्षा साफ आहे!"

खरंच होतं. शेवटचं खंगाळलेलं पाणी जाऊन राहिलं होतं, काचेसारखं. आपणच टँकर बोलवायचा आणि आपणच नालीत सोडायचा! त्या दिवसापासून हा माणूस पार बदलला. एका ओळीत तीन हौद बांधले. पहिल्यात भिजवायचं, दुसऱ्यात खंगाळायचं, तिसऱ्यात शेवटचं पाणी. ते तिसऱ्यातलं पाणी ओतायचं नाही, पुढच्या गिऱ्हाइकाचे कपडे भिजवायला घ्यायचं. मी कडाकडा भांडले. म्हटलं, लोक तोंडात शेण घालतील! तर हे शहाणे स्वतःच जाऊन लोकांना सांगत बसले. कपडे घ्यायला आलेल्या प्रत्येकाला मागं नेऊन हौद दाखवायचे. काही गिऱ्हाईकं तुटली, काही महिन्याभरात परत आली, कारण कपड्याला वास नव्हता. टँकर आठवड्यातून दोनदाच यायला लागला. दुकान तगलं. टँकरवाल्याला दोनदाच ये म्हणून सांगितलं, त्या रात्री हे दोन पोळ्या जास्त जेवले.

आणि क्षमाताई? त्यांच्या मैत्रेयीचं लग्न होतं, पाहुण्यांच्या चादरी आमच्याकडं. त्याच सकाळी गल्लीतल्या एका सुतकाच्या घरचं अंथरूण धुतलं होतं. कुणी तरी त्यांच्या कानात फुंकलं. बाई आल्या त्या आग ओकतच. "माझ्या पोरीच्या लग्नात मेलेल्याचं पाणी?" बाजार गोळा झाला. ह्यांनी हात जोडले आणि सगळ्यांसमोर शब्द दिला, की ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरच्या कपड्यांचं पाणी पुढं जाणार नाही. शब्द पाळलाही. पण बूच काढताना तोंड फिरवायचे. दोनतीनदा तर मलाच म्हणाले, "तू काढ." मला चीड यायची. म्हणायची, "पाणी आहे ते, लेकरू नाही!" आज कळून राहिलं की ह्यांना ते लेकरूच होतं.

तर अशी मी बुचाला हात लावून उभी. शब्द ह्यांचा, पाणीही ह्यांचंच. शेवटी मनाला म्हटलं, राधाबाई, नवऱ्याचा शब्द मोठा. तोंड फिरवलं आणि बूच उचललं. पाणी गुळगुळ करत निघालं.

"थांबा!" क्षमाताई ओरडल्या. काउंटरची फळी उचलून चपला घालूनच आत आल्या. "कुणाच्या चादरी होत्या?"

"ह्यांच्या," मी म्हटलं.

"मग ओतून काहून राहिल्या? माझ्या भिजवा त्यात."

"अहो ताई, पण तो शब्द..."

"शब्द मला दिला होता ना? मग मीच परत देते. शालिग्रामजींचा कसला आला विटाळ?" त्यांचा आवाज फुटला. "भिजवा म्हणते ना!"

त्यांनी खाली बसून गाठोड्याची गाठ सोडली आणि एकेक चादर झटकायला लागल्या. मी बूच घट्ट बसवलं, तिसऱ्या हौदातून बादली भरून पहिल्यात ओतली, आणि तेरवीतही रडले नव्हते अशी रडले.