अण्णांनी सांभाळलेलं लष्करी गुपित

युद्धाचं वातावरण तापलं तेव्हा देशाची सगळी महत्त्वाची गुपितं माझ्याकडे आहेत, असं आमच्या घरात मानलं जायचं. मी तेव्हा नुकताच भरती झालेला रंगरूट होतो आणि ‘दाहिने मुड’ म्हटलं की डावीकडे वळत होतो.

छावणीत हुकूम निघाला. फोन जमा! रविवारी दहा मिनिटं मिळेल. आपण कुठे आहोत, काय करतो, हे कुणाला सांगायचं नाही. आता, आम्ही करत काय होतो? गवत उपटत होतो आणि रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावत होतो. हे कळून शत्रूचा काही फार मोठा फायदा झाला नसता. पण मी वडिलांना फोनवर हा हुकूम अशा आवाजात ऐकवला, की जणू सगळी सरहद्द माझ्याच भरवशावर उभी आहे.

“अण्णा, कुणी विचारलं तर कायबी सांगू नका. देशाचा प्रश्न हाय.”

“न्हाई सांगत,” अण्णा म्हणाले.

अण्णा तरुणपणी होमगार्ड होते. (गणपतीच्या मिरवणुकीत शिट्टी वाजवायला.) देश आपल्याला पुन्हा कधीतरी हाक मारेल, याची ते तेव्हापासून वाट बघत होते. आणि मारली ना देशाने हाक!

आमचं गाव देवणीजवळ. दुसऱ्याच दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात कुणीतरी सहज विचारलं,

“अण्णा, बालाजी कुठंय सध्या?”

“सांगता येत न्हाई.”

“म्हंजी? ट्रेनिंगला गेलता ना?”

“ते बी सांगता येत न्हाई.”

“मग कदी यायलाय?”

अण्णांनी दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि अर्धा चहा तसाच सोडून उठले.

पोरगा फौजेत असलेला बाप असा उठत नाही. तो दुसरा चहा मागवतो. गावाने काय ते ओळखलं. सोमवारी मी ट्रेनिंगमधून पळालो होतो, बुधवारी पोलीस माझ्या मागावर होते आणि शनिवारपर्यंत मी आत होतो! सरपंच मुद्दाम घरी येऊन उदगीरच्या एका वकिलाचं नाव सांगून गेले. “जामीन हमखास करतेत,” म्हणाले. “ह्या विषयावर मला बोलायची परवानगी न्हाई,” असं अण्णांनी म्हटल्यावर सरपंचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले.

इथवरही चाललं असतं. पण बातमी बसने औशाला गेली, आणि औशाला सुवर्णा होती. तिच्याशी माझी सोयरीक जमत आली होती. बघायला गेलो तेव्हा ती मला एकच वाक्य बोलली होती, “पोहे गार व्हायलेत, खा की.” आमचं सगळं प्रेमप्रकरण ते एवढंच, पण रोज पहाटे मैदानाच्या फेऱ्या मी त्या एका वाक्यावर मारत होतो. ती मुलगी मला मनापासून हवी होती.

रविवारी फोन हातात आला आणि मायचा रडवेला आवाज ऐकू आला.

“आम्ही औशात बसलोय, सुवर्णाच्या घरी. सोयरीक नको म्हणाया बोलावलंय गुरुजींनी. तुझे अण्णा इथंबी तोंड उघडना गेलेत! तूच तोंड दाखीव आता.”

व्हिडिओ कॉलला परवानगी होती, पण मागचं काही दिसू नये म्हणून कोऱ्या भिंतीला पाठ लावूनच. मी घाम पुसला, छाती फुगवली आणि कॅमेरा चालू केला. औशाच्या बैठकीत काय दिसलं असेल, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. सफाचट डोकं. मागे पोपडे आलेली भिंत. कोपऱ्यात गज लावलेली खिडकी. आणि बनियनवर, छातीशी, छापलेला नंबर.

सुवर्णाचे वडील शिक्षक. त्यांनी चष्मा नीट केला. “कुठे आहात तुम्ही?”

“सांगता येणार नाही, गुरुजी.”

गुरुजींच्या मागे अण्णांनी अभिमानाने मान डोलावली.

“मग... दिवसभर काय करता?”

एवढ्याने देशाला धोका होणार नाही, असा मी हिशेब केला. “गवत काढतो. दगडांना चुना लावतो.”

“घरी कधी सोडतील?”

“वागणूक चांगली राहिली तर दिवाळीला, म्हणालेत साहेब.”

गुरुजी उठून चपला शोधू लागले. (स्वतःच्याच घरात!) मायने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात बाजूने आमचे कवायत शिकवणारे उस्ताद गरजले, “नंबर इकतालीस! टाइम खतम! अंदर!”

“गुरुजी, ऐका तरी! मी फौजेत...”

“चिल्लाता है? मुर्गा बन!”

मी फोन समोरच्या भिंतीला टेकवला, कान धरले आणि मुर्गा झालो. फोन बंद करायचा राहिला.

आता औशाच्या बैठकीत कोपऱ्यात तंबाखू मळत सुवर्णाचे मामा बसले होते. एका निवडणुकीतल्या हाणामारीपायी ते खरोखरच आत जाऊन आले होते. त्यांनी मायच्या हातातून फोन घेतला आणि मला बराच वेळ न्याहाळलं.

“दाजी, बसा खाली. ह्यो जेलात न्हाई.”

“कशावरून?”

“मी राहून आलो की! आत दुपारी झोपू देतेत, येळेला भाकर देतेत. मी फुगून आलतो, आठवतंय ना? ह्याच्या गळ्याची हाडं बगा! आन् नुसत्या एका हाळीवर पोरगं कोंबडा झालं. कैदी इतका भीत नसतो. बिनघोर द्या पोरगी, ह्यो फौजेतच हाय.”

यावर सुवर्णा मोठ्याने हसली म्हणे. मला काही दिसलं नाही, मी गुडघ्यांमधून मागची भिंत बघत होतो.

दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. फौजेत माणसं शौर्यावरून ओळखली जातात. भित्रेपणावरून सैनिक असल्याचं सिद्ध झालेला असा मी एकटाच असेन.