चार स्क्रूंची गॅलरी

डोंगरातल्या त्या गावात तुम्ही गेलात, की पहिल्याच वळणावर मान वर जाते आणि खाली यायचं नाव घेत नाही. उतरत्या छपरांची लाकडी घरं, घराघराला कोरीव गॅलरी, गॅलरीत लाल फुलांच्या पेट्या, चौकात घड्याळाचा मनोरा. बर्फ पडला की मोठी माणसं पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून सुसाट येतात, लहान मुलं घसरगाड्यांतून किंचाळत येतात, आणि हिवाळी जत्रेच्या आठवड्यात तर मुंगीला शिरायला जागा नसते. पाहुणे म्हणतात, युरोपातलं गाव जसंच्या तसं उचलून आणलंय. उचलून कसलं आणताय! ते गाव एका माणसाने एका हिवाळ्यात करवत आणि पटाशी घेऊन उभं केलं. आणि त्याने युरोप पाहिला होता तो फक्त कॅलेंडरात, फेब्रुवारीच्या पानावर.

त्याला सगळे सुतारकाका म्हणायचे. बायकोसुद्धा चारचौघांत तसंच म्हणायची, घरात मात्र 'अहो'. बुटका, रुंद, कानामागे कायम पेन्सिल. आंघोळ करतानाही ती काढायचा विसरायचा आणि मग ओल्या पेन्सिलीने लाकडावर रेघ उठत नाही म्हणून पेन्सिलीलाच शिव्या द्यायचा.

चाळीस वर्षांपूर्वी गावातली लाकूड कापायची गिरणी बंद पडली. पुरुष गाव सोडून चालले, शाळेत मास्तर जास्त आणि मुलं कमी अशी गत झाली. तेव्हा काकाचा थोरला भाऊ गावकमिटीचा अध्यक्ष होता. त्याने बैठकीत ते कॅलेंडरचं पान भिंतीला खिळलं आणि म्हणाला, "डोंगर आपल्याकडे आहे, बर्फ आपल्याकडे आहे. घरं तेवढी अशी करायची. लोक बघायला येतील."

सगळे हसले. न्हावी म्हणाला, "मग मी पण तसलाच गोरा होऊ का?" पण हसून झाल्यावर सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं. नजरेने माणूस कसा कामाला लागतो ते तेव्हा बघायला हवं होतं.

काकाने पहिली गॅलरी बेकरीला केली. गॅलरी म्हणजे काय, ते त्याला पक्कं ठाऊक. भिंत फोडायची, तुळया घराच्या आत सहा-सहा फूट न्यायच्या, आतल्या जमिनीखाली जखडायच्या. म्हणजे बाहेर कितीही भार आला तरी घराचंच वजन तिला धरून ठेवतं. अठरा दिवस लागले. बेकरीवाला पिठाची पोती रचून तिच्यावर नाचला, गॅलरी कुरकुरलीसुद्धा नाही.

भाऊ येऊन बघून गेला आणि म्हणाला, "झकास. आता अशा आणखी बत्तीस. बर्फ वितळायच्या आत."

"दादा, गणित येतं का तुला?"

"येतं. म्हणून तर सांगतोय. अरे, त्यांच्यात उभं कोण राहणार आहे? मागे दार तरी आहे का? नुसती खिडकी. खालून दिसली की झालं."

दिसली की झालं! काका चार दिवस त्या वाक्यावर धुमसला. पाचव्या दिवशी त्याने भिंतीवर एक फळी ठोकली आणि त्या फळीवर बाहेरून गॅलरी चार स्क्रूंनी टांगली. खालून पाहिलं तर बेकरीची कुठली आणि ही कुठली, त्यालाही सांगता येईना. कोरीवकाम मात्र त्याने अस्सल केलं. तिथे तडजोड नाही. एकेका कठड्यावर वेगळं पान, वेगळी वेल. अशा बत्तीस केल्या. दार कुठेच नव्हतं, तेव्हा धोकाही नव्हता. काम चोख होतं, ज्यासाठी केलं त्यासाठी.

चूक पुढे झाली. लोक येऊ लागले, माना वर करू लागले, आणि विचारू लागले, "हे सगळं खरं आहे ना?" 'खरं नाही' असं सांगायला कोणाची जीभ रेटते? पहिल्या पाहुण्याला काका म्हणाला, "खरं म्हणजे? हत्ती उभा करा!" तो हत्ती मग माहितीपुस्तकात गेला, गावाच्या वेशीवरच्या फळीवर काकाच्या नावाखाली कोरला गेला, आणि घरात जेवताना बायकोलाही रोज वाढला जाऊ लागला. चाळीस वर्षं. इतक्या वर्षांत काकाला स्वतःलाही तो अधूनमधून दिसायला लागला असावा.

तर त्या वर्षी चौकातलं हॉटेल नव्या मालकाने घेतलं. हा हौशी गडी. त्याने वरच्या मजल्यावरची खिडकी काढली आणि तिथे दार बसवलं. गॅलरीत उघडणारं. आणि जाहीर केलं की जत्रेच्या उद्घाटनाला बायकांचं गायनमंडळ गॅलरीत उभं राहून गाईल. अठरा बायका. जाड कोट, जाड बूट, आणि त्यांतल्या तिघी-चौघी अशा की कोट नसतानाही पुरेशा जाड.

त्या अठरांत एक काकाची बायको.

तीस वर्षं ती त्या मंडळात गात होती. तीस वर्षं बर्फात पाय रोवून, खालीच. त्या संध्याकाळी घरी आली तीच गुणगुणत. "अहो, ऐकलंत का? यंदा आम्ही वर. तुमच्या गॅलरीत! मी मधोमध."

काकाच्या हातातला चमचा वाडग्यात पडला. "तिथे जायचं नाही."

"का?"

"भार घेणार नाही ती."

बायकोने कोटाची बटणं काढता काढता थांबून पाहिलं. "हत्ती घेते, आणि मला घेणार नाही?"

"अगं, हत्तीचं ते बोलण्यापुरतं."

"म्हणजे इतकी वर्षं तुमचं नाव त्या पाटीवर, बैठकीत तुमची खुर्ची पहिली, ते चालतं. आणि आज पहिल्यांदा लोक मान वर करून मला बघणार, तर गॅलरी कच्ची?"

"मी खोटं बोललो होतो."

"तेव्हा की आत्ता?"

काका वाडग्यात पडलेला चमचा शोधू लागला. "जळता तुम्ही," ती म्हणाली आणि खोलीत जाऊन वरच्या पट्टीत गाण्याचा सराव करू लागली.

मग काका पुतण्याकडे गेला. भाऊ केव्हाच गेला होता. आता त्याचा मुलगा अध्यक्ष. त्याने काकाला बसवलं, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, परवा मी स्वतः उभा राहिलो त्या गॅलरीत. उड्या मारल्या. काही झालं नाही."

"तू एकटा होतास. त्या अठरा आहेत."

"माहितीपुस्तकात लिहिलंय..."

"ते मीच सांगितलं होतं रे!"

"मग झालं तर."

"निदान खालून दोन खांब लावू दे. एका दिवसाचं काम."

पुतण्याने मान हलवली. "दर्शनी बाजूला फरक करायचा नाही, हा बाबांनी घातलेला नियम. आणि फोटोत खांब येतात. काका, तुम्ही अर्ज द्या. कमिटी विचार करेल."

काकाने अर्ज दिला. टपोऱ्या अक्षरात, समास सोडून, खाली सही. 'हॉटेलच्या गॅलरीस आधार नाही. ती मी चार स्क्रूंवर टांगली आहे. हे मी स्वतः केले असल्याने मला माहीत आहे.' कारकुनाने वाचून कौतुक केलं, "काका, अक्षर बघा या वयात!" आणि अर्ज सूचनांच्या फायलीत लावला. त्या फायलीतले अर्ज जत्रा झाल्यावर वाचतात.

हॉटेलमालकाकडेही गेला. तो पाया पडायचाच बाकी राहिला. "गावाचा शिल्पकार माझ्या दारी!" म्हणून त्याने काकाबरोबर फोटो काढला. काका सांगतोय स्क्रू, आणि हा म्हणतोय जरा इकडे बघा.

बघा कशी गंमत होती! माणूस चाळीस वर्षं थाप मारत होता तेव्हा गाव डोक्यावर घेऊन नाचलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला निघाला, तर म्हातारपणी विनय आला म्हणाले.

जत्रेचा दिवस उजाडला. ऊन स्वच्छ, बर्फ ताजा. चौकात पाय ठेवायला जागा नाही. कमिटीने जुन्या कारागिरांना पीस खोचलेली हिरवी टोपी आणि चामड्याची अर्धी चड्डी दिली होती. काकालाही दिली होती. म्हाताऱ्याच्या उघड्या पोटऱ्या थंडीने निळ्या पडल्या होत्या. सकाळपासून पाच जणांनी त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले.

बाराला दहा कमी. वर दाराच्या काचेमागे बायकांचे रंगीत रुमाल हलताना दिसू लागले. बाराचा ठोका पडला की दार उघडणार.

काकाने पुतण्याला गर्दीत गाठलं. "शेवटचं सांगतो."

"काका, आत्ता नको."

मग काका हॉटेलच्या मागे गेला, शिडी घेऊन आला आणि पहार घेऊन आला. भिंतीला शिडी लावताना लोकांनी स्वतःहून वाट करून दिली. हिरव्या टोपीचा माणूस शिडी लावतोय म्हणजे कार्यक्रमातलंच काहीतरी असणार. माईकवाला क्षणभर गोंधळला, पण माईकवाले फार वेळ गोंधळत नाहीत. "आणि आता मंडळी, आपल्यासमोर येत आहेत गावाचे शिल्पकार!" टाळ्या झाल्या.

काका चढला. पहारीचं टोक फळीच्या फटीत घातलं. आपल्या हाताने बसवलेला स्क्रू कुठे आहे ते त्याला शोधावं लागलं नाही. त्याने खाली पाहून ओरडून सांगितलं, "मागे व्हा! मागे!" लोक हसत हसत मागे झाले. जोर एकदाच लावला. वरचे दोन स्क्रू कुजलेल्या दातांसारखे निघून आले. मग गॅलरीने स्वतःच निर्णय घेतला. ती पुढे झुकली, खालचे दोन सुटले, आणि वेलीपानांसकट, फुलांच्या पेट्यांसकट खाली आली. बर्फ उडून पहिल्या रांगेच्या तोंडावर गेला.

तेवढ्यात घड्याळाचे टोले पडू लागले, वर दार उघडलं, आणि दारात काकाची बायको उभी. पुढे नुसती हवा. मागच्या सतरा जणींनी तिला कंबरेला धरलं म्हणून बरं.

आणि चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या, फोन वर. "पुन्हा! पुन्हा!" एक बाप खांद्यावरच्या मुलीला सांगत होता, "बघ, जुन्या काळी असं करायचे."

काका शिडीवरून ओरडत होता, "अहो, हे खोटं आहे! सगळ्या तशाच आहेत!" ते माईकवाल्याने ऐकलं आणि मोठ्याने सांगितलं, "शिल्पकार म्हणतायत, अजून बऱ्याच आहेत!" आणखी टाळ्या.

बायका दारात आणि खिडक्यांत दाटीवाटीने उभ्या राहून गायल्या. तिचा आवाज काकाला ओळखू आला नाही. बहुतेक ती गातच नव्हती. ती खाली पाहत होती, पडलेल्या गॅलरीकडे, तिच्या पाठीतून वर आलेल्या चार बोटभर स्क्रूंकडे.

पुतण्या आला तो लाल होऊन. "काय केलंत हे काका!" मग त्याचा फोन वाजला, पुन्हा वाजला, आणि बोलता बोलता तो लालाचा गुलाबी झाला. फोन ठेवून त्याने काकाच्या खांद्यावर हात ठेवला. "लोक विचारतायत, चारच्या खेळाला पुन्हा आहे का. काका, पुढच्या वर्षी दोनदा करू. एक सकाळी, एक दुपारी."

"अरे बाबा, उरलेल्या एकतीसही तशाच आहेत. उद्या दुसरा कोणी दार बसवेल तिथे."

"एकतीस?" पुतण्याने हिशेब केला. "म्हणजे पंधरा वर्षं तर निघालीच."

घरी जाताना बायको पुढे, काका मागे. बर्फात तिच्या बुटांच्या खुणांत पाय ठेवत तो चालला होता. दारापाशी तो म्हणाला, "तू पडली असतीस."

"हो," ती म्हणाली. "हे पटलं." मग कुलूप काढता काढता म्हणाली, "घरातलं काय काय असंच आहे?"

"घरातलं? घरातलं सगळं पक्कं आहे. तुझ्यासाठी केलंय."

"बाकीच्यांनाही तुम्ही असंच सांगत होतात."

दुसऱ्या दिवशी तिने गवंड्याला बोलावलं. गवंडी बिचारा लाजत होता. सुताराच्या घरात सुतारकाम तपासायचं म्हणजे काय. पण ती बाजूला उभी राहून बोट दाखवत होती. हा जिना. हा माळा. हा झोपायचा पलंग. काका बाहेर पायरीवर बसला होता. आत ठकठक चालली होती, एकेका पायरीवर, एकेका तुळईवर. कुठली तुळई भिंतीत किती आत गेली आहे हे त्याला इथून, डोळे मिटून सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.