माझ्या खात्याला मालकाचा नंबर

ज्यांच्या शेतात माझा बा सालानं राबायचा ते मालक झोपाळ्यावर, मी अंगणात उभी. माझ्या हातात माझा मोबाइल, त्यावर बँकेचं पान उघडलेलं. त्यांच्या हातात त्यांचा मोबाइल. माझ्या पैशाचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येत होता.

"चार... आठ... थांब जरा, चहा घेऊन राहिलो," मालक म्हणाले.

चहा संपेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. मी दुसरा मागवला.

जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात मला नर्सची नोकरी लागली होती. तिकडे उतरायच्या आधी खोलीचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं पाठवायचं होतं, त्याच संध्याकाळपर्यंत. नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार होती. पैसे माझेच. तीन वर्षं परभणीच्या दवाखान्यात राबून साठवलेले. फक्त खात्याला नंबर मालकांचा.

ही आमच्या तांड्याची सवय. ऊसतोडीला निघताना माणसं पेटीची किल्ली, रेशनकार्ड, चांदीचा एखादा दागिना मालकांकडे ठेवून जातात. सहा महिने घरं ओस पडतात आणि मालकांचं घर पक्कं. शाळेत बँकवाले आमची स्कॉलरशिपची खाती उघडायला आले, मोबाइल नंबर विचारला, तेव्हा सगळ्यांच्या बापांनी तोच एक नंबर सांगितला. किल्लीसारखा तोही तिथेच ठेवला.

परभणीला नोकरी लागल्यावर मी बाला दहा वेळा म्हणाले, नंबर बदलते. बा मालकांकडे सालदार. त्याचं एकच उत्तर, "मालकाला काय वाटंल?" मी शिकलेली, नोकरी करणारी, आणि तरी दहाही वेळा गप्प बसले. मला आजही राग येतो, मालकांचा येतो तेवढाच माझा स्वतःचा.

दुसरा ओटीपी आला. तो वाचायचं सोडून मालक मागचे मेसेज वाचायला लागले. मोठ्यानं. ओट्यावर गावातले चार जण बसलेले. खाली बा दाभण घेऊन सोयाबीनची पोती शिवत होता.

"हिंगोलीत कपड्याच्या दुकानात अकराशे. काहून गं, आतून घालायचं एवढं महाग असतंय व्हय?"

चौघं हसले. मी तिकडच्या थंडीसाठी गरम कपडे घेतले होते. कोणाला सांगायचं, आणि का?

"हे मेडिकलचं. दर महिन्याला मेडिकल," मालक म्हणाले आणि पुढचा मेसेज काढला.

तीन वर्षं हा माणूस माझी एकेक खरेदी वाचत होता. माझ्या पाळीचे दिवससुद्धा त्याला ठाऊक होते. माझ्या बापाच्या डोक्यावरून ते सगळं ओट्यावर वाचलं जात होतं आणि बा मान खाली घालून सुतळी ओढत होता.

"अन् तिथं जाऊन करनार काय? म्हाताऱ्यायचं हागणं-मुतणं काढनार. ते तर तुमच्या लोकायला इथंबी जमतंय."

मग त्यांनी आकडे सांगितले. पाचच सांगितले, लागतात सहा. पुन्हा विचारलं तर एक आकडा वेगळाच. तिसऱ्या चुकीला पान बंद झालं. चोवीस तास आता काही होणार नव्हतं. खोली गेली.

"रडू नको," मालक म्हणाले. मी रडत नव्हते. "तिकडचा पगार याच खात्यात टाकत जा. तुह्या बापाला लागंल तसं मी देत जाईन. तुमच्या हातात पैसा टिकत न्हाई."

बा उठला. हात जोडले. "व्हय मालक."

चौघांच्या हसण्यानं लागलं नव्हतं तेवढं त्या 'व्हय'नं लागलं. माझ्या अजून न मिळालेल्या पगाराचा सौदा माझ्यासमोर झाला, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

"न्हाई," मी म्हणाले. "पगार माह्या हातात येईल. नंबर उद्याच काढते."

"मग बापाचं सालबी उद्याच संपलं समज."

"समजले."

दुसऱ्या दिवशी याडीला, म्हणजे आईला घेऊन सेनगावला बँकेत गेले. माझा फॉर्म भरत होते तेव्हा याडी शेजारी उभी. म्हणाली, "माह्याबी खात्याचा काढ." तिच्या खात्यात सरकारी पैसे येत. कधी आले, किती आले, हे तिला आजवर मालकांनी सांगितलं तेवढंच ठाऊक होतं. मी तिचं पासबुक भरून घेतलं आणि तिथंच बाकावर बसून ओळ न् ओळ वाचून दाखवली. तिनं पासबुक पदरात बांधलं.

जर्मनीत पहिले दोन महिने मी केरळच्या एका नर्सच्या खोलीत जमिनीवर झोपले. आता माझी खोली आहे. पगार माझ्या खात्यात येतो. भाडं किती, खाण्याला किती, याडीला किती, हे मी ठरवते. म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढते, हो. त्या कामाची मला लाज नाही. लाज त्या ओट्याची वाटते, जिथं मी तेवढा वेळ उभी राहिले.

बाचं साल गेलं. या वयात तो पुन्हा कोयता घेऊन फडात जातो. मी पाठवलेल्या पैशाला हात लावत नाही, फोनवर येत नाही. "पोरीनं मालकापुढं खाली पाहायला लावलं," असं याडीला म्हणतो. ऐकलं की आत जळतं. पण माफी मागणार नाही. मी काही गुन्हा केलेला नाही.

तांड्यातल्या कितीतरी खात्यांना अजून तोच नंबर आहे. मोबाइल घरोघरी आलेत, नंबर तिथंच. यंदा टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आधी मी सुट्टी टाकून गावी जाणार आहे. घरोघरी जाऊन बायामाणसांना गोळा करणार, जीप सांगणार, बँकेत नेणार. मालक आडवे येतील, येऊ देत. बा दारात उभा राहून अडवेल, तर त्यालाही ओलांडून जाईन.