गाडीनं विसरलेली किल्ली

ईशान, रेवा, तुमची नंदाआजी गेली त्याला आता दीड महिना होईल. परवा कन्हेरीहून तिचं सामान आलं आणि त्यातली काळ्या मुठीची किल्ली मी तुम्हाला फोनवर दाखवली. रेवानं विचारलं, "गाडी तर केव्हाच विकली ना, मग किल्ली कशाला ठेवली?" ते फोनवर पटकन सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून सावकाश लिहिते आहे.

नंदा माझी धाकटी बहीण. डॉक्टर झाली आणि कन्हेरीच्या बागायतदार घरात पडली. नवरा, तुमचे विलासआजोबा, नोकरीनिमित्त नाशिकला. घरात शब्द सासऱ्यांचा, आबांचा. नंदाचा दवाखाना भिगवणच्या पुढे, डाळजला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी विलासरावांनी तिला गाडी घेऊन दिली, तेव्हा गावात गाडी चालवणारी दुसरी बाई नव्हती. ऊसतोडीच्या दिवसांत एका संध्याकाळी, दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला तिची गाडी मागून धडकली. नंदाचं मनगट मोडलं, गाडीचं नाक आत गेलं. आबांनी सुनेला घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी कपाटातली गाडीची दुसरी किल्ली काढून आपल्या बंडीच्या खिशात टाकली. नंदानं ते पाहिलं. "गाडी बरी झाली की माजा पुतन्या चालवंल," आबा म्हणाले, "तू मागं बसायचं."

मनगट बरं झालं. बारामतीच्या तात्या गॅरेजवाल्यांनी गाडीचा पत्रा सरळ करून रंगही असा दिला की कुठं लागलं होतं ते सापडू नये. पण गाडी सुरू व्हायची आणि दोन श्वासांत बंद पडायची. समोर किल्लीचं छोटं चित्र लुकलुकत राहायचं. ट्रॅक्टरला बांधून गाडी कन्हेरीला आणली तेव्हा तात्या बिचारे ओशाळून म्हणाले, "पत्रा सरळ केला बाई, पन हिचं डोकं काय माज्यानं सरळ हुईना. इंजिनाचा हुकूम चालवनारा डबा फुटला हुता, म्हून नवा घातला. त्यो नवा डबा जुनी किल्ली वळखीत न्हाय. चोराची समजून इंजिन बंद करतोय."

"मग ओळख करून द्या," नंदा म्हणाली.

"ती वळख पुन्याची मानसं त्यांच्या यंत्रानं करून देत्यात. गाडी तिकडं न्यावी लागंल."

आबांनी साफ नकार दिला. "एकदा आनली ट्रॅक्टरमागं. पुन्यांदा वरात काढायची न्हाय."

एसटीनं जाते म्हटलं, तर "डाक्टरीनबाई दांडीला लोंबकळत जानार? लोक आमच्या तोंडात शेन घालतील." गाडी चालत नाही म्हणून गाडी नाही, आणि घराची अब्रू म्हणून एसटी नाही. आबा दुष्ट नव्हते, हे लक्षात ठेवा. त्या संध्याकाळी चेपलेली गाडी पाहून ते रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले होते. ते घाबरले होते... पण घाबरलेल्या माणसाच्या ताब्यात राहणंही सोपं नसतं. डाळजहून निरोप येत, अमकीचे दिवस भरत आलेत, डॉक्टरीणबाई कधी येणार? नंदा ओसरीवर बसून तांदूळ निवडत असे. समोर गाडी. आबांनी तिच्यावर द्राक्षबागेचं जुनं नेट टाकलं होतं, धूळ बसू नये म्हणून. मी भेटायला गेले की नंदा हसून म्हणे, "ताई, माझ्यावर तेवढं टाकायचं राहिलंय." हसणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. उन्हाळा आला तेव्हा ती निरोप आणणाऱ्याला भेटायला उठेनाशी झाली. मग मात्र मी बारामतीहून पुण्याला फोन लावत बसले, आणि कंपनीचा माणूस यंत्र घेऊन कन्हेरीला यायला कबूल झाला. दारी आलेल्या पाहुण्याला परत पाठवणं आबांना जमण्यासारखं नव्हतं.

रफिक त्याचं नाव. नेट बाजूला झालं, निम्मी आळी अंगणात जमली. त्यानं गाडीच्या आत कुठंतरी वायर जोडली, पेटीएवढं यंत्र मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "सगळ्या किल्ल्या द्या."

नंदानं आपली दिली. "दुसरी?" रफिकनं विचारलं.

"न्हाय," आबा म्हणाले. "अपघातात हरवली."

"नीट आठवा, आबा. आत्ता जी किल्ली इथं नसेल, तिला गाडी यापुढं ओळखणार नाही. दार उघडेल, गाडी चालणार नाही."

आबांचा हात बंडीच्या खिशावर गेला. तिथंच थांबला. सगळी आळी बघत होती. नाही म्हणून बसलेल्या माणसानं आता किल्ली काढायची कशी? मी बोलायला तोंड उघडलं, तर नंदानं माझा हात दाबला... घट्ट.

"न्हाय म्हन्लं न्हवं एकदा!" आबा कडाडले.

रफिकनं बटणं दाबली. किल्लीचं चित्र विझलं. गाडी चालू झाली आणि चालूच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी खिशातली किल्ली पुतण्याला दिली आणि तो ऐटीत गाडीत बसला. गाडी दोन श्वास घेऊन बंद. पुन्हा तेच. "आबा, हिला काय झालं?" नंदा आतून आली, पदर खोचला, आपली किल्ली लावली आणि काच खाली करून म्हणाली, "आबा, भिगवणच्या बाजाराला येताय? वाटेवर सोडते." आबांनी बंडी सावरली. मग मागं बसले. पुढं कित्येक वर्षं, बाजाराच्या दिवशी, ते तिच्या गाडीत मागंच बसत. थकल्यावर एकदा त्यांनी ती किल्ली तिच्या हातात दिली. "ही घे," म्हणाले. "दार तेवढं उघडती."

शेवटी दवाखान्यात नंदाच्या खाटेला दोन्हीकडून कठडे लावले होते. मी गेले तेव्हा कठड्यावर हात ठेवून ती म्हणाली, "ताई, हे नेट काढ गं." नर्सला विचारून मी एक बाजू खाली केली. तिनं पाय बाहेर सोडले आणि तशीच बसून राहिली, माझा हात धरून...

गाडी आता कुठं आहे, कुणाला ठाऊक नाही. नंदाची किल्ली गाडीबरोबरच गेली. आबांची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे.